परदेशात राहताना ऑनलाइन टीव्ही घेताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपनीने ऑनसाइट पाठवलेले, शिकायला गेलेले, तिकडेच स्थायिक झालेले आणि आता गाशा गुंडाळून परत निघालेले, असे सगळे मराठी लोक टीव्हीबद्दल साधारण तेच प्रश्न विचारतात. परदेशात बसून गावी आई-बाबांसाठी टीव्ही मागवणाऱ्यांचे प्रश्न थोडे वेगळे असतात, तेही इथे घेतले आहेत. माझं मत आधीच सांगते: टीव्ही ज्या देशात लागणार आहे, त्याच देशातल्या साइटवरून घ्यावा. एका देशात घेऊन दुसऱ्या देशात वापरण्यात पैसे वाचल्यासारखे वाटतात, पण ते पुढे कुठे कुठे जातात ते खाली वाचा.

भारतातला टीव्ही सोबत नेला तर तिकडे चालेल का?

चालू बहुधा होईल. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच टीव्हींच्या मागच्या लेबलवर "१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ" असं छापलेलं असतं आणि अशा टीव्हीला जवळपास कुठल्याही देशातली वीज चालते. पण चालू होणं आणि उपयोगी पडणं वेगळं. तिथल्या अँटेनाचे चॅनेल कदाचित पकडणार नाहीत, त्या देशातली काही ॲप मिळणार नाहीत, बिघडला तर वॉरंटी नाही. शिवाय प्रवासात पॅनेलला, म्हणजे टीव्हीच्या पडद्याला, तडा गेला तर टीव्ही दुरुस्त करण्यात अर्थ उरत नाही, कारण टीव्हीच्या किमतीचा मोठा भाग पॅनेलचाच असतो. विमानातून टीव्ही नेऊ नका, ३२ इंचीसुद्धा.

व्होल्टेजचं नेमकं काय बघायचं?

भारतात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ब्रिटन, जर्मनी, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया आणि संयुक्त अरब अमिरातींत साधारण तेवढंच. सौदी अरेबियात व्होल्टेज २३०, पण फ्रीक्वेन्सी ६० हर्ट्झ. अमेरिका आणि कॅनडात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपानमध्ये १०० व्होल्ट. तिथे पूर्वेकडे, म्हणजे टोकियोच्या बाजूला ५० हर्ट्झ आणि ओसाकाच्या बाजूला ६० हर्ट्झ.

आजच्या टीव्हीत आत जो पॉवर सप्लाय असतो, त्याला ५० आणि ६० हर्ट्झच्या फरकाने सहसा काही होत नाही. धोका व्होल्टेजचा. लेबलवर फक्त "१२० व्होल्ट" लिहिलेला अमेरिकन टीव्ही पुण्यातल्या सॉकेटमध्ये थेट लावला तर जळतो. अमेरिकेतल्या काही मॉडेलांवर १००–२४० असतं, पण बऱ्याचदा १२०च असतं. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही हा फरक सापडतो, त्यामुळे "अमुक कंपनीचा टीव्ही सगळीकडे चालतो" हे कोणाचंही ऐकू नका. साइटवरच्या माहितीत व्होल्टेज अनेकदा दिलेलंच नसतं. तेव्हा कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या मॉडेलचं मॅन्युअल उतरवून घ्या आणि शेवटच्या पानांवरचा विजेचा तक्ता बघा. टीव्ही आधीच घरात असेल तर मोबाइलने मागच्या लेबलचा फोटो काढून ठेवा, भिंतीला लावल्यावर ते लेबल वाचता येत नाही.

मग ट्रान्सफॉर्मर लावला तर?

लावता येतो. २३० चे १२० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो. ५५ इंची एलईडी टीव्ही साधारण १०० ते १५० वॅट घेतो, म्हणून ट्रान्सफॉर्मर त्याच्या दुप्पट क्षमतेचा, ३०० व्हीएच्या (व्होल्ट-अँपिअर, क्षमतेचं एकक) आसपास असावा. ओएलईडी असेल तर त्याहून मोठा. पण तो जड असतो, गरम होतो, काही वेळा गुणगुणतो आणि टीव्ही बंद असतानाही थोडी वीज खात राहतो.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. आपल्याकडचा स्टॅबिलायझर हा असा ट्रान्सफॉर्मर नाही, तो २३० चे १२० करून देत नाही. आणि प्रवासात हेअर ड्रायर, इस्त्रीसाठी मिळणारा छोटासा, हलका कन्व्हर्टर टीव्हीला कधीच लावू नका. तो फक्त तापणाऱ्या वस्तूंसाठी बनवलेला असतो.

फक्त प्लग वेगळा असेल तर ॲडॅप्टर घेऊ का?

त्यापेक्षा वायर बदला. बऱ्याच टीव्हींची पॉवर केबल मागून काढता येते, तिचं टीव्हीकडचं तोंड इंग्रजी आठच्या आकड्यासारखं असतं. तसंच तोंड आणि त्या देशाचा प्लग असलेली केबल कुठेही स्वस्तात मिळते. ब्रिटन, दुबई, सिंगापूर इथे तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो. टीव्ही रोज तासन् तास चालतो, सैल ॲडॅप्टर गरम होतो, म्हणून हे सांगते आहे.

अँटेना लावून तिथले चॅनेल दिसतील का?

टीव्ही तिथेच घेतला असेल तर दिसतील. दुसरीकडून आणला असेल तर ट्यूनर, म्हणजे टीव्हीतला अँटेनाचे चॅनेल पकडणारा भाग, जुळायला हवा, आणि ही गोष्ट साइटवर टीव्ही निवडताना फार कमी लोक बघतात.

पूर्वी पाल आणि एनटीएससी ही प्रसारणाच्या पद्धतींची नावं आपल्या कानावर असायची. डिजिटल झाल्यावर त्यांची जागा दुसऱ्या नावांनी घेतली, पण देशांच्या वाटण्या राहिल्याच. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको आणि दक्षिण कोरियात एटीएससी. युरोप, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि भारतात डीव्हीबी कुटुंबातल्या पद्धती. जपान आणि ब्राझीलमध्ये आयएसडीबी. चीनची स्वतःची वेगळी. भारतातल्या टीव्हीला न्यू जर्सीत अँटेना जोडला तर चॅनेल शोधताना यादी रिकामीच राहते, टीव्हीत बिघाड नसतो.

एकाच कुटुंबातही फरक असतात. जर्मनीने २०१७ मध्ये डीव्हीबी-टी२ ही नवी आवृत्ती सुरू केली आणि त्यासाठी एचईव्हीसी हे नवं कॉम्प्रेशन, म्हणजे चित्र दाबून लहान करण्याची पद्धत, वापरलं, त्यामुळे त्याआधीचा जुना टीव्ही कोणी फुकट दिला तरी अँटेनावर चॅनेल येण्यासाठी वेगळा बॉक्स लागतो. जर्मनीत भाड्याच्या घरात केबल असेल, तर आणखी एक लक्षात ठेवा: जुलै २०२४ पासून केबलचे पैसे घरमालक सरसकट भाड्याबरोबर लावू शकत नाही. हवी असेल तर स्वतंत्र करार करायचा, नको असेल तर नाही.

अमेरिकेत अँटेनाकडे दुर्लक्ष करू नका. छोटासा घरातला अँटेना खिडकीजवळ लावला तर स्थानिक बातम्या, हवामान, पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवरचे मुलांचे कार्यक्रम फुकट दिसतात. बर्फाच्या दिवसांत शाळा बंद आहे की नाही हे स्थानिक चॅनेलवर चटकन कळतं.

टीव्ही घेतला की सरकारी फी भरावी लागते म्हणतात, खरं का?

देशावर अवलंबून आहे. ब्रिटनमध्ये कुठलाही चॅनेल थेट प्रसारणात बघायचा असेल, मग तो ॲपवर का असेना, किंवा बीबीसीचं आयप्लेयर हे ॲप वापरायचं असेल, तर टीव्ही लायसन्स लागतं. २०२५-२६ साठी ते वर्षाला १७४.५० पौंड होतं. फक्त नेटफ्लिक्स किंवा यूट्यूबवरचे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ बघणाऱ्याला ते लागत नाही. पण भारतातला क्रिकेट सामना थेट बघितला तर लागतं, हे आपल्या लोकांनी विशेष ध्यानात ठेवावं.

जर्मनीत दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो भरावे लागतात आणि टीव्ही नसला तरी सुटका नाही. घरात दोघे-तिघे मित्र राहत असतील तर घराला एकच फी असते, ती वाटून घ्या. जपानमध्ये ट्यूनर असलेला टीव्ही घरात असेल तर एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेशी करार करणं कायद्याने बंधनकारक आहे. म्हणूनच तिथे २०२१ च्या अखेरीपासून ट्यूनर नसलेले, फक्त इंटरनेटवर चालणारे टीव्ही दुकानांत दिसू लागले. तुम्ही टोकियोत निशीकासाईला राहून फक्त मराठी मालिका आणि यूट्यूब बघणार असाल, तर असा टीव्ही नीट विचारात घ्या.

मराठी मालिका, बातम्या, क्रिकेट कसं दिसणार?

इंटरनेटवरून. भारतातल्या डीटीएचचा डबा आणि कार्ड सोबत नेऊन उपयोग नाही. डिशचा उपग्रह भारताकडे तोंड करून असतो आणि त्या सेवेचा परवानाही भारतापुरताच असतो. डीडी फ्री डिशचंही तेच, त्यामुळे सह्याद्री वाहिनीसाठी छत्री घेऊन जाऊ नका.

ॲपच्या बाबतीत तीन गोष्टी एकमेकांत अडकलेल्या असतात: टीव्ही कुठल्या देशातला, तुमचं खातं कुठल्या देशातलं, आणि तुम्ही आत्ता बसला आहात कुठे. ॲप टीव्हीवर घेता येईल की नाही हे पहिल्या दोनांवर ठरतं, काय दिसेल ते तिसऱ्यावर. मालिका आणि सामन्यांचे हक्क देशानुसार विकले जातात, त्यामुळे भारतात एका ॲपवर दिसणारी मालिका दुसऱ्या देशात वेगळ्याच ॲपवर असू शकते किंवा नसूही शकते. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एक होऊन जिओहॉटस्टार झालं. असे बदल झाले की परदेशातल्या प्रेक्षकाचा हिशोब पुन्हा बदलतो. म्हणून वर्षाची वर्गणी भरण्याआधी एक महिना घेऊन बघा. भारतात भरलेली वर्गणी भारताबाहेर सहसा चालत नाही, हेही आधीच माहीत असू द्या.

माझा सल्ला असा की टीव्हीच्या आतल्या ॲपवर फार विसंबू नका. एचडीएमआयला लागणारी स्टिक किंवा छोटा बॉक्स घ्या आणि ॲप त्याच्यावर चालवा. टीव्ही चांगल्या पडद्याचा घ्या, बाकीचं काम बॉक्स करील. देश बदललात तर बॉक्स खिशात जातो, टीव्ही मागे राहिला तरी चालतो. टीव्हीतली ॲप काही वर्षांनी अपडेट मिळेनाशी होतात, तेव्हाही फक्त बॉक्स बदलावा लागतो.

व्हीपीएनबद्दल, म्हणजे तुम्ही दुसऱ्या देशात आहात असं भासवणाऱ्या सेवेबद्दल, खूप जण विचारतात. बहुतेक सेवांच्या अटींत ते बसत नाही आणि ऐन सामन्याच्या वेळी बंद पडतं. त्याच्या भरवशावर टीव्ही निवडू नका.

साइटवर दिसणारं मॉडेल नक्की त्याच देशाचं आहे हे कसं ओळखायचं?

मॉडेल नंबरवरून. सॅमसंगच्या नंबरची सुरुवात बघा: उत्तर अमेरिकेसाठी यूएन किंवा क्यूएन, युरोपसाठी यूई किंवा क्यूई, भारत आणि आसपासच्या देशांसाठी यूए किंवा क्यूए. एलजीच्या ओएलईडींमध्ये शेवट बघायचा: अमेरिकेतल्या बऱ्याच मॉडेलांना पीयूए, भारतातल्यांना पीएसए. मोठ्या साइटवरही बाहेरचे विक्रेते माल विकत असतात आणि त्यात दुसऱ्या देशासाठी बनवलेले टीव्ही येतात. किंमत फारच कमी दिसली तर आधी मॉडेल नंबर, मग विक्रेत्याचं नाव, मग वॉरंटी कोण देणार ते वाचा.

परत करायचा झाला तर? आणि वॉरंटी?

युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये ऑनलाइन घेतलेली वस्तू कारण न देता रद्द करायला १४ दिवस मिळतात. युरोपीय संघात मूळ दोषासाठी विक्रेत्याची कायदेशीर जबाबदारी दोन वर्षं असते, म्हणून दुकानदाराने दोन वर्षांची "जादा वॉरंटी" विकायचा प्रयत्न केला तर ती नेमकं जास्त काय देते ते विचारा. ब्रिटनमध्ये सदोष वस्तू ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. अमेरिकेत ऑनलाइन खरेदीसाठी असा देशव्यापी हक्क नाही, दुकानाचं धोरण हाच नियम. मोठा टीव्ही परत न्यायला ते पैसे घेतात का, ते आधी वाचा.

टीव्हीची वॉरंटी बहुतेक वेळा विकत घेतलेल्या देशापुरतीच असते. लॅपटॉप-मोबाइलच्या बाबतीत मिळते तशी जगभरची वॉरंटी इथे गृहीत धरू नका. आणि कुठल्याही देशात खोकं महिनाभर तरी टाकू नका. त्याशिवाय परत पाठवणं अवघड.

परत येताना अमेरिकेतला मोठा टीव्ही आणावा का? तिथे किती स्वस्त आहेत!

स्वस्त आहेत, मान्य. तरी आणू नका.

एके काळी दुबई-मस्कतहून रत्नागिरीला येणारा माणूस टीव्ही आणि व्हीसीआर घेऊन उतरायचा, कारण इथे तशी वस्तू मिळतच नव्हती किंवा परवडत नव्हती. आता तसं राहिलेलं नाही. २६ ऑगस्ट २०१३ पासून सरकारने फ्लॅट टीव्हीला सामानाच्या मोफत सवलतीतून वगळलं आणि त्यावर ३५ टक्के सीमाशुल्क लावलं. त्यानंतरही सामानाचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत आणि बिऱ्हाड हलवून येणाऱ्यांसाठी वेगळी सवलत असते, म्हणून निघण्याच्या महिन्यात सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर तेव्हाचा नियम वाचा. दुसऱ्या बाजूने भारतात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे तुमच्या बचतीला दोन्हीकडून कात्री लागते.

शुल्क भरून आणलाच, तर पुढे १२० व्होल्टचा प्रश्न, इथे वॉरंटी नाही, पॅनेलचा सुटा भाग मिळण्याची खात्री नाही. आणखी एक अडचण आणल्यावरच कळते: आपला सेट-टॉप बॉक्स ५० हर्ट्झचं चित्र पाठवतो (हा विजेचा नव्हे, चित्र बदलण्याचा वेग), आणि अमेरिकेसाठी बनवलेले बरेच टीव्ही ते स्वीकारत नाहीत. पडद्यावर "नो सिग्नल" किंवा तसाच काहीतरी संदेश येतो. बॉक्सच्या सेटिंगमध्ये ६० हर्ट्झचा पर्याय मिळाला तर ठीक. टीव्ही तिथेच विका, नाहीतर नव्याने आलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाला द्या. त्यांना पहिल्या महिन्यात त्याची खरी गरज असते.

सेकंडहँड घ्यावा का?

दोन वर्षांसाठी गेला असाल तर जरूर. परत जाणारा सहकारी विकत असेल तर त्याच्या घरी जाऊन टीव्ही अर्धा तास चालू ठेवा, पूर्ण पांढरं आणि पूर्ण राखाडी चित्र लावून डाग-पट्टे बघा, सगळी एचडीएमआय तोंडं तपासा, रिमोट आणि स्टँडचे स्क्रू मागून घ्या. त्याचं खातं काढून फॅक्टरी रीसेट त्याच्याच समोर करा. गाडीत आडवा टाकू नका, पॅनेल उभंच न्यायचं.

मी परदेशात आहे, आई-बाबांसाठी गावी टीव्ही मागवायचा आहे. कसं करू?

आधी पैशांचं. काही भारतीय साइट परदेशी कार्ड घेतात, काही नाकारतात. एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्याचं भारतीय कार्ड असेल तर सोपं जातं. २०२३ पासून अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, अमिराती, सौदी, कतार, ओमान आणि हाँगकाँग या ठिकाणांचे मोबाइल नंबर अशा खात्यांना जोडून यूपीआय वापरण्याची परवानगी आहे. तुमची बँक ती सुविधा देते का ते विचारा.

पत्ता आणि मोबाइल नंबर आई-बाबांचा द्या. डिलिव्हरीचा ओटीपी त्यांच्याच फोनवर यायला हवा, नाहीतर तुमच्याकडे मध्यरात्र असताना टेम्पो दारातून परत जातो. बिलही त्यांच्याच नावाचं घ्या, पुढे वॉरंटीसाठी सर्व्हिस सेंटरचा माणूस तेच मागतो. पण ओटीपी कधी सांगायचा हे त्यांना फोनवर नीट समजवा: टीव्ही दारात आला, खोकं फुटलेलं नाही हे बघितलं, मगच. फोन करून ओटीपी मागणाऱ्याला अजिबात नाही. आणि कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधायला त्यांना सांगू नका, खोटे नंबर फार आहेत. बिलावरचा किंवा कंपनीच्या ॲपमधला नंबर तुम्हीच त्यांना पाठवून ठेवा. तक्रार सुटतच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

खोकं उघडताना समोर खोलून दाखवण्याची सोय असेल तर ती निवडा. नसेल तर शेजारच्या एखाद्या मुलाला बोलवून उघडतानाचा व्हिडिओ काढायला सांगा, आणि भिंतीला लावण्याआधी टीव्ही चालू करून बघा. इन्स्टॉलेशनचा माणूस बहुतेक वेळा डिलिव्हरीनंतर वेगळा येतो, ते आई-बाबांना आधीच माहीत असावं. त्याने ब्रॅकेटचे पैसे मागितले तर ते बिलात आहेत की नाहीत हे तुम्ही आदल्या दिवशीच बघून ठेवा.

गावात लाइट कमी-जास्त होत असेल तर चांगला स्पाइक गार्ड किंवा टीव्हीचा स्टॅबिलायझर त्याच ऑर्डरमध्ये घाला. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की टीव्हीचा प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्हाला आवडलेला टीव्ही त्यांना चालवता येईल का? चालू केल्यावर ॲपची रांग समोर आली की अनेक घरांत टीव्ही तसाच राहतो. बऱ्याच टीव्हींत "चालू होताच अमुक एचडीएमआय" असं ठरवता येतं. ते करून टाका, म्हणजे बटण दाबलं की थेट सेट-टॉप बॉक्सवरची बातमी. अक्षरं मोठी करा. डोळ्यांचा त्रास असेल तर फार चकचकीत पडद्यापेक्षा कमी चकाकीचा घ्या, कारण आपल्या घरांत समोरच खिडकी असते. पहिल्या रविवारी व्हिडिओ कॉल लावून त्यांच्या हातूनच चॅनेल बदलून घ्या. घाई करू नका.

लग्नाची डीव्हीडी तिकडच्या प्लेअरवर लागत नाही, काय करू?

भारतात काढलेल्या लग्नाच्या डीव्हीडी पाल पद्धतीच्या असतात आणि अमेरिकेतले बरेच डीव्हीडी प्लेअर त्या दाखवत नाहीत. टीव्ही बदलायची गरज नाही. लॅपटॉपवर त्यांच्या एमपी४ फाइली बनवा आणि पेन ड्राइव्हने टीव्हीच्या यूएसबीला लावा. पेन ड्राइव्ह फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, तेव्हा हळद, लग्न आणि रिसेप्शन वेगवेगळ्या फाइलींत कापून घ्या.